सूर्यथांबा

कुमुद, तुझी शोकसभा झाली. शाळेच्या त्याच कॅफेटेरियात, जिथे आपण गणपतीचं जेवण मांडतो. ती ऐकली असतीस तर फोटोच्या चौकटीतून बाहेर येऊन एकेकाची हजेरी घेतली असतीस. तू मितभाषी होतीस म्हणे. तू! फोन ठेवते-ठेवते म्हणत माझी आमटी दोनदा करपवणारी. तू सर्वांशी गोड वागायचीस म्हणे. आणि सगळ्यात कहर म्हणजे तू परदेशात राहून आपल्या परंपरा जपल्यास. हे बोलणारी बाई तीच, जी तुला पाठीमागे ‘जूनमधली होळी’ म्हणायची. मी मागच्या रांगेत बसून कागदी कप चुरगाळत राहिले. मेलेल्या माणसाबद्दल लोक किती बेधडक खोटं बोलतात. जिवंतपणी याच्या निम्मं जरी बोलले असते तरी तू त्यांना घरी बोलावणं बंद केलं असतंस.

पण ते सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते वेगळंच. तुला अग्नी दिला त्या दिवशी फ्युनरल होममध्ये आपले पंचांगकाका माईंजवळ जाऊन बसले. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मिशिगनमधल्या आपल्या या नोव्हाय गावातल्या सगळ्या सत्यनारायणांचा ठेका त्यांच्याकडे आहे, हे तुला मी सांगायला नको. चेहरा असा केला होता की जणू वरून निरोप घेऊन आलेत. म्हणाले, “माई, रडू नका. उत्तरायणात गेली हो तुमची लेक. कर्कसंक्रांत अजून लांब आहे. उजेडाची वाट मिळाली. भाग्यवान.”

आणि माईंनी डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. सांगलीहून एकटी उडत आलेली म्हातारी, जिनं तीन महिने तुझ्या उशाशी बसून पेज भरवली, तिनं माझा हात धरला आणि विचारलं, “तू तिची मैत्रीण. तुला ती सगळं आकाशातलं सांगायची. खरं ना गं? उत्तरायणच ना?”

आता सांग, मी काय बोलायचं होतं? तुझा सगळा जन्म गेला काकांचं हेच वाक्य खोटं पाडण्यात. तू गेलीस एकवीस जून उलटून गेल्यावर. तुझ्या हिशोबानं सूर्य वळून चुकला होता. हो म्हणावं तर तुझा घात, नाही म्हणावं तर माईंचा. मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती “माई, मग बोलू” एवढंच म्हणाले. काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

तसं पाहिलं तर या वादात मी कधीच तुझ्या बाजूची नव्हते. हे तू गेल्यावरही बदललेलं नाही, गैरसमज नको. सूर्य ही साजरी करायची वस्तू आहे हेच मला मान्य नाही. मी नागपूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात शाळेत जाताना आई खिशात कांदा घालायची, लू लागू नये म्हणून. डोक्याला दुपट्टा, खिडकीला वाळ्याचे पडदे, आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. असल्या गावच्या बाईला तू सांगणार की वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साजरा कर! अगं, मोठा दिवस सोसायचा असतो. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तू म्हणालीस, “तुमचं ऊन वेगळं, मिशिगनचं वेगळं. इथे सहा महिने सूर्य तोंड दाखवत नाही. आला की पाहुणचार करावा.” वर नाव काय, तर कुमुद! चांदण्यात उमलणारं फूल. बारसं करणाऱ्याला आधी पत्रिका दाखवायला हवी होती.

हे वेड लागलं कुठून तेही मला माहीत आहे. लायब्ररीत नोकरी लागली आणि तिथल्या त्या गोऱ्या म्हाताऱ्या सहकारिणीनं तुझ्या डोक्यात मिडसमर, म्हणजे तिकडचा मोठ्या दिवसाचा सण, भरवलं. युरोपातल्या तिच्या आज्या-पणज्या म्हणे त्या दिवशी शेकोट्या पेटवायच्या, दवानं तोंड धुवायच्या, उशाखाली फुलं ठेवायच्या. तू घरी येऊन मला हे सगळं असं ऐकवलंस की जणू वेद सापडले. मी एकच प्रश्न विचारला. हे अमेरिकन लोक एकवीस जूनला म्हणतात उन्हाळ्याचा पहिला दिवस, आणि त्यालाच म्हणतात मधला उन्हाळा. ज्यांना सुरुवात कोणती आणि मध्य कोणता हे कळत नाही, त्यांच्याकडून तू सण शिकणार? तू विषय बदलून चहा करायला उठलीस.

आणि तो चहा! त्याची आठवण आली की आजही कपाळ बडवावंसं वाटतं. काचेच्या मोठ्या बरणीत पाणी, त्यात टी-बॅगा सोडलेल्या, आणि बरणी सकाळपासून ड्राइव्हवेवर उन्हात. इथल्या बायका करतात तसा सन-टी. त्याला नाव ‘सूर्यचहा’. “सूर्यानं केलेला चहा आहे, वर्षातून एकदा तरी त्याच्या हातचा पी,” म्हणालीस. मी घोट घेतला. कोमट, पिवळट, अंगात ना आलं ना दूध. म्हटलं, “कुमे, सूर्याला म्हणावं, तुझं काम शेतात. स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस.” चहाला उकळी फुटली पाहिजे. भांड्याच्या काठापर्यंत येऊन खाली गेली पाहिजे. त्याशिवाय जो होतो त्याला चहा म्हणत नाहीत. तू मात्र दर जूनला ती बरणी काढायचीस आणि मी दर जूनला तो चहा तुझ्या देखत तुळशीच्या कुंडीत ओतायचे. तुळससुद्धा त्या दिवसांत जरा कोमेजलेलीच असायची.

दवाचं तर विचारूच नकोस. मिडसमरच्या पहाटेच्या दवानं तोंड धुतलं की वर्षभर रूप टिकतं, असं त्या म्हातारीनं सांगितलं. सांगितलं ते सांगितलं, तुझ्या अकलेचं काय? पहाटे गाऊनवर बाहेर गेलीस, शेजाऱ्याच्या हिरव्यागार लॉनवर वाकलीस, दोन्ही हातांनी ते पाणी तोंडाला फासलंस. आदल्याच दिवशी त्याच्या लॉनवर तण मारायचं औषध फवारलेलं होतं. कडेला ती पिवळी झेंडी लावलेली असते ना, ‘गवतावर येऊ नका’ म्हणून, ती तू पाहिलीही होतीस. पण तुला वाटलं, पोरांचा काही खेळ असेल! दुपारपर्यंत तोंड पपईएवढं. गुलाबी लोशन थापून सोफ्यावर बसलेली तू आणि समोर हसून हसून पोट धरणारी मी. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्यातही तू म्हणालीस, “दवाचा काय दोष? लॉनवाल्याचा दोष आहे.” तुझ्या लाडक्या आकाशातून पडलेल्या कोणत्याही गोष्टीचा दोष तू कधी मान्यच केला नाहीस.

उशाखालची फुलं हाही एक तमाशाच. सात तऱ्हेची फुलं कुमारिकेनं उशाखाली ठेवायची, मग स्वप्नात नवरा दिसतो. मीनल तेव्हा दहा-अकराची असेल. ती “आई, दॅट्स सो डम्” म्हणून मोकळी झाली. मुलीनं ऐकलं नाही म्हणून तू स्वतःच ठेवलीस. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “काय मग, दिसला का कोणी?” तू म्हणालीस, “दिसला ना. श्रीधर. शिंकत होता.” त्या बिचाऱ्याला परागांची ॲलर्जी, तो रात्रभर खरोखरच शेजारी शिंकत होता. एवढा वैताग झाला तरी तो तुझ्या खुळांना कधी नाही म्हणाला नाही. मी असते तर फुलांसकट उशी बाहेर फेकली असती.

आणि कढई. देवा! बॅकयार्डमध्ये मोठा जाळ करायला सबडिव्हिजनचे, म्हणजे आपल्या वसाहतीचे, नियम आड आले, तर तू काय करावंस? सांगलीहून आणलेली लोखंडी कढई अंगणात मांडलीस, तिच्यात वाळक्या काड्या पेटवल्यास आणि पोराटोरांना वरून उड्या मारायला लावल्यास. जितकी उंच उडी तितकं चांगलं वर्ष. पोरं खूश झाली, त्यांनी बोंबाही मारल्या. साडी खोचून तूही उडी मारलीस. मला म्हणालीस, “ये ना!” मी म्हटलं, “ज्या कढईत भजी तळतात तिच्यावरून मी उडी मारणार नाही. अन्नाचा मान ठेव जरा.” दर वर्षी तू बोलवायचीस, दर वर्षी मी खुर्चीत बसून नावं ठेवायचे, भजी खायचे. नंतर त्याच कढईतली. ती तू घासूनपुसून घ्यायचीस हे मला माहीत होतं, पण मला ते मान्य करायचं नव्हतं.

पण या सगळ्यातला एक खेळ होता, जो त्या गोऱ्या म्हातारीचा नव्हता, तुझा स्वतःचा होता. बॅकयार्डमध्ये पुरुषभर उंचीची काठी रोवायची. भरदुपारी तिच्या सावलीच्या टोकावर दगड ठेवायचा. रोज. जूनमध्ये सावली आखडत जाते, मग एका जागी येऊन थांबते, मग पुन्हा लांबायला लागते. “बस, एवढंच,” तू म्हणायचीस, “याला ना पूजा लागते ना पुजारी. काठी आणि गोटा. दक्षिणायन डोळ्यांनी बघ.”

पहिल्या वर्षी त्याचेही तीनतेरा वाजवलेसच. घड्याळात बारा वाजले आणि तू घाईघाईनं दगड ठेवलास. वर्षातली सगळ्यात छोटी दुपारची सावली म्हणून जाहीर केलीस. मी तिथेच खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. तासाभरानं सहज पाहिलं आणि म्हटलं, “कुमे, तुझी सगळ्यात छोटी सावली आणखी छोटी होऊन राहिली आहे.” तुझं तोंड बघण्यासारखं झालं. फिजिक्सची एमएस्सी, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं हे विसरली! शिवाय आपण आपल्या टाइम झोनच्या पश्चिम टोकाला, म्हणून सूर्य आणखीच मागे. इथे सूर्य डोक्यावर येतो दीड वाजून गेल्यावर. मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले, की त्या दिवशी सूर्याचे नाही, कुमुदचे बारा वाजले.

आणि तो शब्दही त्याच वर्षीचा. इंग्रजीत त्या दिवसाला सॉल्स्टिस म्हणतात, त्याचा मुळातला अर्थ सूर्य उभा राहणं, हे तू डिक्शनरीत शोधलंस. तुझा हट्ट, की मराठीत तसा शब्द हवा. अयनान्त नको, तो पंचांगातला वाटतो. चार दिवस डोकं खाजवून तू शब्द आणलास : सूर्यथांबा. मी खुर्चीवरून पडायचीच राहिले. “सूर्यथांबा? बसथांब्यासारखा? तिथे सूर्य काय रांगेत उभा राहतो? सुट्टे पैसे काढतो?” तू जराही चिडली नाहीस. म्हणालीस, “माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. थांबा या शब्दाला हसायचं नाही. गाडी वळायच्या आधी थांबते, माणसं चढतात, उतरतात. सूर्याचं तसंच. झपकन वळत नाही तो. आधी चार-सहा दिवस थांबतो. डोळ्यांना फरकच दिसत नाही.” मी म्हटलं, “शाळेत असतीस तर मराठीच्या बाईंनी तुला बाकावर उभी केली असती.” पुढे ‘सूर्यथांबा’ हा मी तुला चिडवायचा शब्द झाला. कोणाकडे जेवायला उशिरा आलीस की मी म्हणायचे, “कुठे अडकलीस, सूर्यथांब्यावर?”

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना तू हा विषय काढून किती छळलंस याला गणती नाही. कोणाच्या तरी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बायका नटूनथटून तिळगूळ वाटत होत्या, आणि तू हातातला लाडू बघत म्हणालीस, “सूर्य डिसेंबरातच वळला. आपण तीन आठवडे उशिरा गोड बोलायला सुरुवात करतो.” पंचांगकाका पुरुषांच्या घोळक्यातून उठून आले. पुण्याहून दर वर्षी बोटीनं येणारं त्यांचं पंचांग आणि तुझी ती काठी, असा सामना सुरू झाला. ते म्हणाले, “कर्कसंक्रमण जुलैच्या मध्याला, तोवर उत्तरायण. शास्त्र आहे.” तू म्हणालीस, “शास्त्र बनलं तेव्हा बरोबर होतं, काका. आकाश पुढे सरकलं, तुमचं पंचांग तिथेच राहिलं.” ते म्हणाले, “अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.” तू म्हणालीस, “माझ्याकडे बैल नाही, स्टेशन वॅगन आहे.” सगळे हसले. काका मात्र ते कधी विसरले नाहीत. आणि फ्युनरल होममध्ये, तुला बोलता येत नव्हतं तेव्हा, त्यांनी आपला शेवटचा शब्द टाकून घेतला. काय ती मर्दुमकी!

तू एवढी का भांडतेस, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाची खाज. मग एकदा ॲन आर्बरहून येताना गाडीत तू सांगितलंस. तू शाळेत असताना बाबा गेले, भाद्रपदात. दारात मांडी ठोकून बसलेल्या बायका माईंना म्हणाल्या, “दक्षिणायनात गेला गं. धुराची वाट. काय पाप केलं होतं कोण जाणे.” कंडक्टर माणूस, कधी कोणाचं एक तिकीट जास्तीचं फाडलं नाही, आणि त्याच्या बायकोला हे ऐकावं लागलं. माई त्यानंतर कित्येक वर्षं दिवा लावताना दक्षिणेकडे बघायच्या, ‘त्यांना वाट दिसावी’ म्हणून. तू म्हणालीस, “मला एवढंच दाखवायचंय की तो फक्त वळतो. कोणाची वाट उजळत नाही, कोणाची काळी करत नाही. दगडावर सावली दिसते, बाकी काही नाही.” मी स्टिअरिंगवर होते. हात लांबवून रेडिओ लावला. तुझ्याशी सहमत झाले तर तू डोक्यावर बसशील याची मला खात्री होती.

आणि हो, एक गोष्ट तुझी मला आवडायची. ती आता सांगून टाकते, तू ऐकायला नाहीस तोवर. नागपूरहून आले त्या पहिल्या हिवाळ्यात मला पाच वाजताच्या अंधाराचं भय बसलं होतं. खिडकीशी बसून रडायचे. मग डिसेंबरात एक दिवस तुझा फोन आला, “ऐक, आज वळला. उद्यापासून रोज तीळतीळ वाढणार. मोजत राहा.” आणि रोज सकाळी नवरा कामावर गेला की तुझा फोन. “तीळभर वाढला बरं का.” संपूर्ण जानेवारीभर. त्या फोनांवर मी तो हिवाळा काढला. तेव्हा मी तुला पंचांगाचा दाखला दिला नव्हता, हे मात्र खरं.

या जूनमध्ये तुझी खाट फॅमिली रूममध्ये, बॅकयार्डच्या काचेच्या दाराशी लावलेली होती. तुला काठी दिसत होती, पण उठता येत नव्हतं. म्हणून दगड ठेवायचं काम माझ्याकडे. दीड वाजून गेला की तू नुसती बघायचीस माझ्याकडे. मी चरफडत बाहेर जायचे. “जिनं जन्मभर या धंद्याला नावं ठेवली तिच्याच नशिबी दगड उचलणं,” असं तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. परत आले की तू विचारायचीस, “कालच्या आत की बाहेर?” आधी ‘आत’ असायचं. मग एके दिवशी मी म्हटलं, “तिथेच.” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “तिथेच. त्याच दगडावर.” तू डोळे मिटून म्हणालीस, “आला थांबा.” इतकी सुखावलीस, की मला काही वाकडं बोलायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले नसते.

तू सकाळी गेलीस. माणसं येऊन तुला घेऊन गेली. श्रीधर सोफ्यावर दगडासारखा बसून होता, मीनल त्याच्या खांद्याला चिकटलेली. मला काही सुचेना तेव्हा मी घड्याळ बघत बसले. दीड उलटल्यावर पाय आपोआप बाहेर वळले. हातात नवा दगड घेऊन गेले. पण ठेवायला जागाच नव्हती. सावलीचं टोक अजून त्याच जुन्या दगडावर होतं.

आज तुझं तेरावं झालं. काका सोवळं नेसून, पळी-पंचपात्र घेऊन आले. मंत्र कमी आणि प्रवचन जास्त. जेवणं होईपर्यंत त्यांनी उत्तरायणाचं माहात्म्य दोनदा सांगितलं. शेवटी मीनलला राहवलं नाही. ती सोळा वर्षांची, तुझीच मुलगी. सगळ्यांसमोर म्हणाली, “बट दॅट्स नॉट ट्रू, काका. आई सेड इट टर्न्स ऑन द ट्वेंटी-फर्स्ट.” काका तिच्याकडे बघून हसले, लहान मुलांकडे बघून हसतात तसे. पण माईंचा हात पानावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“सांग गं आता,” माई म्हणाल्या. “त्या दिवशी ‘मग बोलू’ म्हणालीस. उत्तरायणात गेली, की तिच्या बाबांसारखी?”

काका म्हणाले, “अहो माई, मी सांगितलं ना—”

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही मठ्ठा घ्या. ताजा आहे.”

मी माईंना हाताला धरून काचेच्या दारातून बाहेर नेलं. दीड उलटला होता. काठीजवळ त्यांना खाली बसवलं. त्यांना दगड दाखवले, एकापुढे एक, आखडत आलेले. आणि म्हटलं, “माई, हा शेवटचा दगड बघा. सावली इथे आली आणि थांबली. कुमुद गेली त्या दुपारी मी आले होते. सावली याच दगडावर होती. ना आत, ना बाहेर. ना उत्तरायण, ना दक्षिणायन. ती गेली तेव्हा सूर्य थांब्यावर उभा होता.”

“थांब्यावर?” माई म्हणाल्या.

“तिचाच शब्द आहे. सूर्यथांबा.”

झाला तुझा शब्द माझ्या तोंडून. न हसता. घे आता.

माई दगडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोटानं दाखवलं. आजची सावली त्या दगडाच्या पुढे गेली होती, बोटभर. मला ते सांगायचं नव्हतं, पण त्यांना दिसलंच. पुढे सरकलेल्या टोकावर त्यांनी हलकेच हात ठेवला.

“म्हणजे सुटली गाडी.”

“सुटली, माई.”

“लहानपणी खिडकीसाठी रडायची. मिळाली असेल ना गं खिडकीशी जागा?”

“मिळाली असेल,” मी म्हटलं. “नसेल मिळाली तर कंडक्टरशी भांडून घेतली असेल.”

माई पदरानं तोंड पुसत उठायला लागल्या. मी हात दिला. काचेपलीकडे काका मठ्ठ्याचा पेला घेऊन आमच्याकडे बघत उभे होते. त्यांच्याकडे माईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“भांडायला कशाला लागतंय,” त्या म्हणाल्या. “कंडक्टर तिचा बापच की.”